स्वयंपाकघरातलं निरुद्योगी बटण

काळं, गोल, मधोमध बोटभर खुंटी असलेलं ते जुनं बटण बोटाला नेहमी गार लागायचं. खुंटी खाली केली की 'टक्' असा भरदार आवाज यायचा. हल्लीच्या पांढऱ्या, चपट्या बटणांना तसा आवाज जमतच नाही. आवाज व्हायचा, बोटाला किंचित प्रतिकार जाणवायचा, आणि पुढे काहीच घडायचं नाही. ना दिवा लागायचा, ना पंखा फिरायचा. बोर्डावरची बाकीची बटणं दिवसभर राबत असताना टोकाचं हे एक बटण मात्र आपल्या निरुद्योगीपणाचा कसलाही संकोच न बाळगता निवांत बसलेलं असायचं.

तुमच्याही घरात असं काहीतरी असणारच. कुठल्याच कुलपाला न लागणारी किल्ली, कशाचं झाकण ते न आठवणारं एखादं झाकण. आपण ते टाकूनही देत नाही, कारण ज्याचं प्रयोजन कळत नाही त्याला निष्प्रयोजन म्हणायचा धीर आपल्याला होत नाही. मला तर नसत्या चौकशांची खोडच आहे. रस्त्यात कुणी खड्डा खणताना दिसलं तरी तो कशासाठी, हे विचारल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडत नाही, आणि माझा नवरा तोवर दहा पावलं पुढे जाऊन अनोळखी माणसासारखा उभा राहतो. अशा मला हे बटण किती छळत असेल, विचार करा.

हे घर आमचं बांधलेलं नाही. नाशिक रोडला, जेलरोडच्या बाजूला, एका जुन्या कॉलनीतलं हे बैठं घर आम्ही काही वर्षांपूर्वी घेतलं. आधी इथे सुशीलाबाई राहत. त्या गेल्या आणि मुंबईच्या मुलाने घर विकायला काढलं, तेव्हा आंब्याच्या सावलीवर भाळून मी होकार देऊन टाकला. भिंतींवरून धावणाऱ्या लाकडी पट्ट्या आणि त्यांवर ठोकलेल्या वायरी पाहून नवरा कुरकुरला होता, पण मला त्यातही मौज वाटली. त्या बटणाबद्दल त्याचा सिद्धांत असा की पूर्वी इथे धूर ओढणारा पंखा असावा. मी कोणताच सिद्धांत मांडला नाही. फक्त सकाळी चहाचं आधण ठेवलं की उभ्याउभ्या ती खुंटी खाली करायची आणि चहा गाळून झाला की वर, अशी सवय मला कधी लागली कळलंही नाही. कुणी जपमाळ ओढतं, कुणी केसांची बट पिरगाळतं, तसं माझं ते.

नाशिकला घरात पंखासुद्धा लागत नाही, असं अभिमानाने सांगणारी माणसं आता थकली. यंदाच्या उन्हाळ्याने आमचाही अभिमान उतरवला आणि आम्ही एसी घ्यायचं ठरवलं. त्यासाठी वाढीव वीज हवी, आणि त्यासाठी परवाना असलेल्या माणसाने घरचं वायरिंग तपासून सही द्यायला हवी. नवऱ्याचं म्हणणं, कोपऱ्यावरच्या दुकानातला माणूस तासाभरात सगळं करून देतो आणि सहीचंही बघतो. मी अडून बसले. का? जरा विचार करा. घरातल्या सगळ्या वस्तू आपण पाहून, हुंगून, टिचकी मारून पारखू शकतो. वीज तेवढी दिसत नाही, वाजत नाही, आणि हात लावून पाहायची तर सोयच नाही. तिच्याबद्दल आपण जे जाणतो ते सारं दुसऱ्याच्या शब्दावर. मग तो शब्द तरी आपल्या नावानिशी उत्तर देणाऱ्या माणसाचा असावा, एवढंच माझं म्हणणं होतं.

अशा रीतीने गांगुर्डे आमच्या घरी आले. दिंडोरीकडचे, पन्नाशीचे, पायात जाड रबरी तळव्याचे बूट, आणि तोंडाला विश्रांती नाही. मी मागायच्या आत त्यांनी खिशातून परवाना काढून माझ्यापुढे धरला. "पाहून घ्या, ताई. फोटो जुना हाय, माणूस तोच हाय." नाशिक रोडवर आपल्यासारखं काम कुणाचं नाही, हे त्यांनी चहाच्या आधी एकदा आणि चहानंतर दोनदा सांगितलं. मला अशी माणसं आवडतात. स्वतःच्या कामावर इतकं प्रेम असलेला माणूस निदान ते काम अर्धवट तरी टाकत नाही.

सगळ्या खोल्या झाल्यावर ते स्वयंपाकघरात शिरले आणि नेमकं त्या बटणावर बोट ठेवून म्हणाले, "ह्ये कशाचं?"

"तेच तर तुम्ही सांगायचं," मी म्हटलं. इतकी वर्षं मनात घोळणारा प्रश्न दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकताना मला विलक्षण आनंद झाला.

त्यांनी बोर्ड उघडला. धुळीच्या जुन्या थरातून दोन वायरी निघाल्या, पट्टीवरून छताकडे गेल्या आणि खिडकीच्या वरच्या भोकातून बाहेर पडल्या. गांगुर्डे पुढे, मी मागे, आणि माझ्यामागे, चौकशांचा तिटकारा असलेला माझा नवरा, असे आम्ही तिघे माना वर करून अंगणात आलो. वायरी आंब्याच्या फांदीला टेकून, कुंपणाची भिंत ओलांडून शेजारच्या घरात शिरत होत्या. ही वायर मी रोज पाहत होते. केबलवाल्याची असेल, असं समजून तिच्याबद्दल मात्र मी कधी चौकशी केली नव्हती. चौकस माणसाचंही असंच असतं. त्याचं कुतूहल त्याला सोयीच्या ठिकाणी थांबतं.

शेजारी वत्सलाकाकू राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, मुलगा पुण्याला. आमचा घरोबा म्हणावा तर तसा नव्हता. भिंतीवरून कढीपत्ता जाई, वाटी परत येताना तिच्यात काहीतरी घालून येई, इतकंच. आम्ही तिघे दारात उभे राहिलो आणि वायरीचं सांगितलं, तेव्हा त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही.

"तो तुमचा दिवा," त्या म्हणाल्या. "या, दाखवते."

त्यांच्या स्वयंपाकघरात, ओट्यासमोरच्या भिंतीवर, एक लहानसा लाल दिवा होता, रात्री झोपायच्या खोलीत लावतात तसला. काकूंनी सांगितलं ते असं. त्या आणि सुशीलाबाई एकाच सुमाराला या कॉलनीत आल्या. दोघींचे नवरे पाळ्यांवर जाणारे, घरं नवी, ओळख ना पाळख. मग सुशीलाबाईंच्या यजमानांनी, जे कारखान्यात विजेचंच काम करत, हा दिवा बसवून दिला. सुशीलाबाई चहा ठेवताना बटण लावायच्या. दिवा लागला, की तिकडे चहा झाला, मग काकूंनी आपलं काम टाकून जायचं. पुढे गुडघे दुखायला लागले, जाणं थांबलं, तरी दिवा लागतच राहिला.

"सुशीला गेली, आणि चांगले काही महिने भिंत नुसती काळी. मी तिकडे बघायचंच सोडून दिलं होतं. मग तुम्ही राहायला आलात, आणि एका सकाळी दिवा लागला. मी इथेच बसले खाली." त्यांनी ओट्याजवळची जागा दाखवली. "तेव्हापासून तुझा दिवा लागला की मी माझा चहा घेते."

रोज सकाळी रिकाम्या बोटांना चाळा म्हणून मी जे करत होते, त्यावर पलीकडे एका माणसाचा दिवस सुरू होत होता! मला भरून आलं आणि अवघडल्यासारखंही झालं. मला काही ठाऊक नव्हतं, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

गांगुर्डे मात्र दिव्यापासून मागे मागे वायर न्याहाळत होते. त्यांनी काकूंना विचारून त्यांच्या घराचा मेन बंद केला. पंखा मंदावत थांबला, फ्रीजची घरघर विरली, घर एकदम निःशब्द झालं. मग त्यांनी माझ्या नवऱ्याला आमच्या घरी धाडलं आणि ओरडून बटण लावायला सांगितलं.

त्या विझलेल्या घरात तो लाल दिवा लागला. काकूंच्या चेहऱ्यावर नकळत हसू आलं. मीही हरखून पाहत होते. गांगुर्डे तेवढे हसले नाहीत.

"काकू, तुमचा मेन बंद हाय. घरात करंट नाय, असं कुणीबी म्हणंल. आन् तरीबी हितं ताईंच्या घरचा आलाय." त्यांनी बटण पुन्हा बंद करायला लावलं, दिवा विझल्यावर बल्ब उतरवला आणि होल्डरच्या आत टेस्टर टेकवला. टेस्टर उजळला. "बघा. दिवा विझलाय तरी हाय. जोडणीच उलटी हाय, बटण परतीच्या वायरीवर बसवलंय. हा काढावा लागंल. मी सही देणार नाय, ती गोष्ट वेगळी. पण हितं कुणाचा हात लागला तर?"

"नाही काढायचा," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण त्यात वाटाघाटीला जागा नव्हती. "इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही. माझं एवढंच आहे सकाळचं. ते नको काढायला."

मला वाटलं, राहू द्या म्हणावं. एसी नको, सही नको, आजवर उकाड्यात कुणी मेलेलं नाही. एकच प्रकाश एकीला सोबत वाटतो आणि दुसऱ्याला धोका दिसतो, यात कुणाचं चूक म्हणायचं? दोघेही खरं तेच पाहत होते. गांगुर्डे वाद घालतील अशी मला धास्ती होती, पण त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दाराशी ठेवलेले रंगाचे डबे पाहून साधं विचारलं, "रंग काढताय का घराला?"

"सोमवारी माणूस येतोय."

"तो मेन बंद करंल. आन् मग ओल्या हातानं ह्यो होल्डर पुसंल."

काकूंनी दिव्याच्या जागेकडे एकदा पाहिलं. मग पदराने ओटा पुसला, जो स्वच्छच होता, आणि म्हणाल्या, "काढा. आत्ताच काढा. मी मागाहून नाही म्हणेन."

वायर उतरायला किती थोडा वेळ लागला! जी जोडायला दोन संसारांची ओळख लागली होती, ती गांगुर्ड्यांच्या हातात एका भेंडोळ्याएवढी झाली. बिनवायरीची घंटा बसवून देतो, असं ते स्वतःहून म्हणाले. काकूंनी नको म्हटलं. घंटेने दचकायला होतं, दिव्याने होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधण ठेवलं आणि मला तिथे उभं राहवेना. मी अंगणात गेले, भिंतीजवळ उभी राहिले आणि हाक मारली, "काकू, चहा ठेवलाय."

त्या पलीकडच्या अंगणात आल्या, सावकाश, भिंतीला धरून. मी कालपासून घोकलेलं वाक्य बोलून टाकलं, की काकू, मला त्या दिव्याचं काहीच ठाऊक नव्हतं.

"ते मला कधीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "मे महिन्यात तुझ्याकडे भाच्या आल्या होत्या ना, दिवसभर माझ्याकडे दिवा उघडझाप करत होता. ज्याला ठाऊक आहे तो असा खेळ होऊ देईल का? पण अगं, तू मुद्दाम लावतेस की उगाच, याचं मला काय करायचंय? पलीकडे कुणीतरी उठलंय, हे कळत होतं. तुम्ही गावाला गेलात तरी कळायचं."

त्या हसत आपल्या घरात गेल्या आणि मी तिथेच उभी राहिले. आमचं उठणं, आमचं गावाला जाणं, सारं त्यांना रोज कळत होतं. आणि आम्हाला? ती वायर इकडून तिकडे गेली होती, तिकडून इकडे कुणी काही ओढलंच नव्हतं. काकू एखाद्या सकाळी उठल्या नसत्या, तरी मी खुंटी खाली केली असती, चहा गाळला असता, खुंटी वर केली असती. ओट्यासमोरच्या भिंतीवर दिवा लागून विझला असता, आणि मला काहीही कळलं नसतं.

एसी बसला, गांगुर्ड्यांनी सही दिली, नवा बोर्ड आला. त्यावरच्या प्रत्येक बटणाला काम आहे. सकाळी मी आधण ठेवून भिंतीशी जाते आणि काकूंना हाक मारते. कधी लगेच उत्तर येतं, कधी त्या पूजेत असल्या तर वेळ लागतो. आत चहा उकळून उकळून कडू होतो आणि नवरा कुरकुरतो. पलीकडून 'ओ' आल्याशिवाय मी गॅस बंद करायला आत जात नाही.