दिगूमामाचा नकार

दिगूमामा गेल्याचं सांगायला मामीचा फोन आला, तेव्हा मी कलकत्त्यात, सॉल्ट लेकच्या ऑफिसात होतो. डमडमला मामाच्या घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... सकाळचा चहा घेता घेता हृदय थांबलं. दुसऱ्याच दिवशी एका विमान बनवणाऱ्या कंपनीचा शोकसंदेश मोबाइलवर फिरू लागला. मामाचा फोटो, मागे निळं आकाश, त्यात कंपनीचं ते विजेवर सरळ वर उडणारं दोन माणसांचं विमान. खाली लिहिलेलं, 'घरोघरी विमान हे स्वप्न पाहणारा द्रष्टा'. महिना झाला, अजून तो संदेश आठवला की डोक्यात तिडीक जाते. द्रष्टा कसला? मामाने ते स्वप्न पाहिलं नव्हतं, मोडीत काढलं होतं.

मामा विमानांचा मेंटेनन्स इंजिनिअर. नाशिकचा माणूस नोकरीपायी कलकत्त्याला आला आणि इथलाच झाला. त्याची सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नसे. वैमानिक घड्याळ दाखवायचे, साहेब आवाज चढवायचे, हा मात्र पुन्हा एकदा चाकांखाली वाकायचा. 'डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर सही नाही,' एवढंच बोलायचा. हट्टी होता, थोडा तुसडाही. मंडळाच्या गणपतीत मांडवाचे बोल्ट तपासायला त्याने आरती अर्धा तास थांबवली होती, आणि मला त्याची चारचौघांत लाज वाटली होती.

न्यू टाउनमध्ये टॉवर बांधणाऱ्या काही लोकांनी ही कंपनी काढली. गच्चीवरून उडा, बराकपूरला उतरा, रस्त्याचं नावच नको! त्यांना जाणत्या माणसाचा अभिप्राय हवा होता. मॅनेजर माझ्या ओळखीचा, म्हणून मीच मामाचं नाव सुचवलं. मामाने त्यात दोन महिने घातले. बाल्कनीत बसून मला समजवायचा, "अरे, हे उडतं, त्यात शंका नाही. पण सरळ वर जायला आणि सरळ खाली यायला सगळ्यात जास्त ताकद लागते. नेहमीचं विमान इंधन जळेल तसं हलकं होतं. बॅटरी संपली तरी तिचं वजन तेवढंच. म्हणजे उतरताना ओझं पूर्ण आणि ताकद कमी. त्यात कालबैशाखीचं वादळ उठलं, गच्चीवर उतरता आलं नाही, तर दुसरीकडे जायला चार्ज नको? तो राखून ठेव आणि मग सांग, किती लांब जाशील?"

अहवाल त्याने मराठीत लिहिला. विचार मराठीतच नीट येतो म्हणायचा. इंग्रजी मी केलं. शेवटी सरळ नकाराचं एक वाक्य होतं. ते मला उद्धट वाटलं... आमच्या ऑफिसात असं कुणी लिहीत नाही. शिवाय मॅनेजरशी संबंध राखायचे होते. मी लिहिलं, 'योग्य परिस्थितीत हे शक्य आहे, मात्र अधिक अभ्यास हवा.' कागद पुढे केला तेव्हा मामा चष्मा शोधत होता. "मी नीट वाचलंय मामा, तू कर सही," मी म्हटलं. आणि जन्मभर चाकांखाली वाकून पाहणाऱ्या त्या माणसाने न वाचता सही केली. भाचा होतो ना मी!

कंपनीने वाक्याचा मागचा भाग छाटला आणि उरलेलं मामाच्या फोटोसकट फ्लॅटच्या जाहिरातीत छापलं. शेजारचे घोषबाबू त्यातला फोटो कौतुकाने दाखवायला आले, "दादा, आपनार छोबी!" मामाने लगेच मला फोन लावला. "माझ्या नावावर तू माणसं वर पाठवणार?" "बोलतो त्यांच्याशी," म्हणालो. आठवडा गेला, मी बोललो नाही. मग मामीचाच फोन आला.

आता मॅनेजर म्हणतो, दुःखाच्या वेळी वाद नको, त्यांच्या आत्म्याला शांती लाभू दे. शांती? निर्लज्जांनो, मेलेल्या माणसाच्या तोंडी वाट्टेल ते घालून वर शांतीच्या गप्पा? पण ओरडताना मला पक्कं ठाऊक असतं, छाटलंत तुम्ही, छाटण्याजोगं वाक्य मीच लिहून दिलं.

गेल्या रविवारी मामीने त्याच्या टेबलाचा खण उघडून मूळ कागद माझ्या हातात ठेवले. शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: 'या शहरात, या बॅटरीवर, माणूस बसवून हे उडवू नये, माझ्या घरचं कुणी यात बसलं, तर मी त्याला हाताला धरून खाली उतरवीन.' अक्षर स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. खाली सही मात्र नाही. सही माझ्या कागदावर आहे.