मावशीची खानावळ आणि गल्लीची रुंदी

सुट्टी काढून रायपूरला चालले म्हटल्यावर ऑफिसात सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "तिथं काय आहे?" मी म्हटलं, "माझी मावशी आहे आणि तिच्या हातचा पाटोडी-रस्सा आहे." लोकांना वाटलं, मी चेष्टा करतेय.

खरं तर मीही कित्येक वर्षं रायपूर टाळतच होते. दरवर्षी मावशी बोलवायची, दरवर्षी मी "बघू" म्हणायचे. यंदा तिचा फोन आला तेव्हा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता, बोलणं मात्र वेगळंच. "नीलू, यायचं असन तर पोळ्यालेच येऊन जा वं. दिवाळीपर्यंत माही खानावळ राहते का बंद होते, काई सांगता येत नाही." फोन ठेवला आणि तिकीट काढलं.

नाशिकरोडहून हावड्याकडे जाणारी गाडी रात्री पकडली की दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर रायपूर येतं. कुणी जाणार असाल तर एक सांगते: गुढियारीत, म्हणजे मावशीच्या वस्तीत, उतरायचं असेल तर स्टेशनच्या मुख्य दारानं बाहेर पडू नका. मी पडले आणि रिक्षावाल्यानं मला रुळांना वळसा घालून अख्खं शहर दाखवत नेलं. मागच्या, गुढियारीकडच्या दारानं निघाले असते तर बॅग ओढत चालत पोचले असते.

मावशी दारातच उभी होती. "आली का वं बाई? काहून इतकी वाळली?" मी वाळलेली नाही, हे मला आणि माझ्या जीन्सला पक्कं ठाऊक आहे, पण असं स्वागत कुणाला नको असतं?

कुसुममावशी लग्न होऊन अकोल्याहून इथं आली. मावसाजी रेल्वेत सुतार होते, डब्यांची लाकूडकामं करायचे. ते रिटायर झाल्यावर मावशीनं पुढच्या खोलीत खानावळ काढली. गुढियारीत मालधक्क्यावरची, गोदामांतली माणसं राहतात. बीरगांवच्या कारखान्यांत जाणारी पोरंही इथंच खोल्या घेऊन असतात. कुणी अमरावतीचा, कुणी गोंदियाचा, कुणी पार बिहारचा. दोन भाज्या, वरण, भात, पोळ्या, ऐंशी रुपये, आणि पोट भरेपर्यंत वाढणार. त्या रात्री मीही त्यांच्या पंगतीत बसले. पाटोडीचा रस्सा असा झणझणीत होता की नाक पुसत पुसत तिसऱ्यांदा घेतला.

जेवणं आटोपल्यावर मला अडचण कळली. सांगितली मावसबहिणीनं, वर्षानं. ती एका आर्किटेक्टकडे नकाशे काढते. मराठी तिला सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच येतं.

"दीदी, ये पूरा इलाका आवासीय है. मतलब घर में सिर्फ रहो. खानावळ चलाना नियम के खिलाफ था, बस कोई पूछता नहीं था. अब पूछ रहे हैं, नोटीस भी आ गया."

"मग बंदच करावी लागणार?"

"वही तो! राज्य ने नियम बदल दिए हैं. अब घर में छोटा काम चल सकता है, परमिशन मिलेगी. लेकिन सामने की सडक उतनी चौडी होनी चाहिए. कागज पर नहीं, जमीन पर."

म्हणजे जो कायदा खानावळ बंद करणार होता, त्याच्याच नव्या आवृत्तीत ती वाचायची वाटही होती. अडचण फक्त गल्लीची होती. जुन्या नकाशात ती हवी तेवढी रुंद आहे. प्रत्यक्षात प्रत्येक घरानं नालीच्या पुढं थोडं थोडं सरकून कुठं पायऱ्या, कुठं गाडी चढवायचा उतार, कुठं तुळशीचा चौथरा बांधलेला. आणि सगळ्यांत मोठा, ऐसपैस, कमरेएवढा उंच, काळ्या फरशीचा ओटा कुणाचा? आमच्या मावसाजींचा!

गल्लीतल्या सगळ्यांनाच परवानगी हवी होती. समोरच्या साहूभैयांच्या बायकोला चिल्याचं, म्हणजे तांदळाच्या धिरड्यांचं, दुकान काढायचं होतं, कोपऱ्यावरच्या बाईंना शिलाईचं. आपापली बांधकामं मागं घ्यायला सगळे तयार होते, पण आधी बाबूजींचा, म्हणजे मावसाजींचा, ओटा जाऊ द्या म्हणत होते. आणि बाबूजी म्हणत होते, "ओट्याले हात लावणारा अजून पैदा नाही झाला." पोळा झाला की मोजणीवाले येणार होते.

दुसऱ्या दिवशी वर्षानं मला गाडीवर मागं बसवलं आणि शहर दाखवायला काढलं. आधी सदर बाजार. सोनारांची दुकानं, कापडाची दुकानं, भांडी, स्कूटरींची रेटारेटी, आणि प्रत्येक दुकानाच्या डोक्यावर माणसं राहतात. खाली तराजू, वर वाळत घातलेल्या साड्या. एक सोनारकाका वरच्या खिडकीतून आलेला चहा दोरीला बांधलेल्या टोपलीतून खाली घेत होते. मी थांबून बघतच राहिले. घर कुठं संपतं आणि दुकान कुठं सुरू होतं, हे तिथं कुणी विचारत नाही. कचोरी खाल्ली, जिलबी खाल्ली, आणि एका दुकानाच्या पायरीवर बसून वर्षाला म्हटलं की नियम करणाऱ्यांनी इथं येऊन कचोरी खायला हवी. ती हसून म्हणाली, "खाकर ही बदला होगा."

मग नवा रायपूर. रस्ते असे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. इथं कचेऱ्या, तिथं घरं, पलीकडं बागा, सगळं आखून वेगवेगळं. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? झाडं आहेत, तळं आहे, हवा मोकळी आहे. पण मला चहाची तल्लफ आली आणि चहासाठी आम्ही पेट्रोल जाळत फिरलो. शेवटी एका बांधकामाच्या कुंपणाला टेकून उभा असलेला टपरीवाला सापडला. त्यानंही घाबरत घाबरतच चहा ओतला, कारण त्या जागेवर टपरीला परवानगी नव्हती. जाणार असाल तर संध्याकाळी जा, आणि चहा सोबत न्या.

परत आलो तर मावसाजी घरात नव्हते. मागच्या अंगणातून रंध्याचा आवाज येत होता आणि दाराला आतून कडी. "आठ-पंधरा दिवसांपासून असंच चालू आहे," मावशी म्हणाली. "तान्ह्या पोळ्याचं काई तरी करून राहिले. पाहू नाही देत."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडाचे बैल सजवून मिरवतात, घराघरातून त्यांना बोजारा मिळतो, म्हणजे खाऊ आणि थोडे पैसे. रायपूरच्या मराठी माणसांनी ही प्रथा सोबत आणली आणि गुढियारीत ती चांगलीच रुजली. छत्तीसगढी घरांत पोळ्यालाच पोरा म्हणतात, त्यात मातीचा चाकांचा नंदी असतो. त्यामुळे मावशीच्या गल्लीत लाकडाचे आणि मातीचे बैल एकत्र निघतात. पोळ्याच्या दिवशी साहूभाभींनी डबाभर ठेठरी-खुरमी पाठवली, एक तिखट कडक आणि एक गोड. मावशीनं त्याच डब्यातून पुरणपोळ्या परत पाठवल्या. मी दोन्हीकडच्या दलालीत यथेच्छ खाल्लं.

तान्ह्या पोळ्याला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मारुतीच्या देवळासमोर सगळे जमले. मावसाजींनी हातगाडीवरून लाकडाचे तुकडे आणले, तिथंच जोडले, आणि झाकलेलं कापड काढलं. पोरांनी एकच गिल्ला केला. बैल होता! पण केवढा! चाकांच्या फळीवर उभा, माझ्या खांद्याएवढा उंच, सागाचा, पितळी घुंगरं, रंगवलेली शिंगं दोन्ही बाजूंना खाली वळून अशी पसरलेली की बघत राहावं. मावसाजींचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"किती छान केलाय हो!" मी म्हटलं.

"माप घेऊन केला आहे," ते म्हणाले. "गल्लीत बरोबर जाते. मी इथं आलो तेव्हा या गल्लीतून दोन बैलगाड्या बाजूबाजूनं जात."

ढोलक वाजायला लागला. पोरांनी दोर धरले, बैल निघाला. पहिली दोन घरं झाली, बायकांनी ओवाळलं, नारळ फोडला. तिसऱ्या घराशी बैल जरा घासला. आणि मावसाजींच्या ओट्यापाशी बैल अडकला.

एक शिंग काळ्या फरशीला टेकलेलं, दुसरं समोरच्या साहूभैयांच्या उंच चौथऱ्याला. पुढं जाईना, मागं येईना. मागून ढकललं तर लाकूड कुरकुरलं. ढोलकवाला थांबला. सगळ्या गल्लीचं एकाच वेळी ध्यानात आलं, काय झालं आहे. मावसाजींनी माप घेतलं होतं ते देवळासमोर, जिथं आजवर कुणी एक वीटसुद्धा पुढं सरकवलेली नाही. देवाला घाबरून सगळे तिथं सरळ वागले होते.

आधी एक पोरगी फिसकन हसली. मग साहूभैया. मग मी, तोंडाला पदर नसल्यामुळे ओढणी लावून. बघता बघता सगळी गल्ली हसत सुटली.

मावसाजी हसले नाहीत. ते शिंगाला हात लावून उभे होते. "शिंग थोडं कापतो," ते म्हणाले. "करवत आणा."

तेवढ्यात मावशी बाहेर आली. हाताला कणीक लागलेली, मागं दारात जेवायला आलेली चार माणसं ताटं घेऊन उभी.

"हव, कापा," ती म्हणाली. "पंधरा दिवस रंधा मारून मारून बनवलं ते कापा. माही खानावळही कापा. पण तुमच्या ओट्याले कोणी हात लावू नका!" शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला आणि ती पदरानं डोळे पुसायला लागली. इतक्या वर्षांत मी मावशीला रडताना पाहिलं नव्हतं. माझंही हसू तिथंच विरलं.

मावसाजी बैलाकडं बघत राहिले, मग ओट्याकडं, मग तिच्याकडं. पेन्शन सुरू झाल्यापासूनच्या त्यांच्या सगळ्या सकाळी त्या ओट्यावर गेल्या होत्या, हे गल्लीला ठाऊक होतं.

"साहू," ते शेवटी म्हणाले, "घर में सब्बल है क्या?"

"हव बाबूजी!" साहूभैया पळतच गेले. सब्बल, म्हणजे पहार, आली, घण आला. पहिला घाव मावसाजींनी स्वतः घातला. फरशी तुटली नाही, नुसती वाजली. त्यांचीच पक्की बांधणी, सहजासहजी कशी तुटणार? जेवायला आलेल्या चारही जणांनी ताटं खाली ठेवली आणि सब्बलीला हात लावला. बीरगांवच्या कारखान्यातला एक धिप्पाड गडी म्हणाला, "बाबूजी, आप हटिए, दाल खाके ताकत आई है." फरशी उखडली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. तोवर साहूभैयांनी समोरचा आपला चौथरा फोडायला घेतलाही होता, कुणी न सांगता.

धूळ खाली बसल्यावर दोर पुन्हा ताणले गेले. बैल हलला, घुंगरं वाजली, आणि दोन्ही शिंगं शाबूत घेऊन तो मोकळ्या गल्लीतून पुढं गेला. मावशीनं कणकेच्या हातांनीच त्याला ओवाळलं. मावसाजी मागून चालत होते, कपड्यांवर विटांचा चुरा. मला बघून म्हणाले, "हसून घे पोरी. आता हसू शकते." मग मी पोटभर हसले, आणि तेही.

मी निघेपर्यंत बाकीच्यांनीही आपापली बांधकामं मागं घेतली, तुळशीचा चौथरा तेवढा राहिला होता. तोही पुजारीबुवांना विचारून कोपऱ्यावरच्या बाईंनी मुहूर्त बघून मागं घेतला. पुढं मोजणीवाले येऊन गेले तेव्हा मी नाशकात पोचलेही होते. वर्षानं मेसेज पाठवला, "पास हो गया दीदी. सबका."

आता घरी बसून हे लिहितेय आणि ऑफिसातल्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधतेय. रायपूरला काय आहे? मला आठवतात ती शिंगं, सदर बाजारातली कचोरी, नव्या रायपुरातला घाबरलेला चहावाला. त्याच्यासाठीही एखादा नियम बदलावा असं फार वाटतं. एरवी जमीनवापर, भूखंड, रस्त्याची रुंदी असले शब्द दिसले की मी पान उलटत असे. आता वाचते.

काल मावशीचा फोन आला होता. साहूभाभींचं चिल्याचं दुकान सुरू झालंय आणि मावसाजी रोज सकाळी तिथं जाऊन बसतात. "घरी पोहे करून ठेवते तर हे म्हणते, भूक नाही," मावशी तक्रार करत होती, पण आवाजात हसू होतं. मग तिनं फोटो पाठवला.

इतकी वर्षं तिच्या दारावर पाटी नव्हती. लावली असती तर कुणीतरी विचारलं असतं, म्हणून माणसं एकमेकांना विचारत विचारत जेवायला यायची. आता दारावर पाटी आहे, मावसाजींच्या हातची, हिरव्यावर पांढरी अक्षरं: "कुसुम भोजनालय". मावशी पाटीखाली उभी आहे, नवी साडी नेसून, हात कुठं ठेवावे ते न कळल्यासारखी.

"नाव लई मोठं लिहिलं वं यायनं," ती म्हणाली. "मालधक्क्यावरून दिसते."