औलीला जायचं राहिलं

डोंगरकड्याजवळच्या तांड्यात हळद शिजवायची एकच मोठी कढई होती. ती पाळीपाळीनं घरोघर फिरायची आणि तिच्यामागं रूपसिंग फिरायचा. शिजत्या कंदात काडी खुपसून, फेसाचा वास घेऊन तो सांगे, "काढा आता." तोवर कुणी जाळ ओढत नसे. जेवायला बसलेला असला तरी हाक आली की उठायचा. आपल्यावाचून लोकांचं अडतं, याचं त्याला फार सुख होतं. बोलून दाखवत नसे एवढंच.

१९९८च्या दिवाळीत ओमप्रकाशचं पत्र आलं. रूपसिंगचा हा एकुलता एक मुलगा फौजेत होता आणि हिमालयात औलीला जवानांना बर्फावर घसरायला शिकवत होता. त्यानं लिहिलं होतं, जानेवारीत याडीला घेऊन या. पायाला लांब पट्ट्या बांधून मी डोंगर कसा उतरतो ते तिनं एकदा डोळ्यांनी बघावं.

त्याची याडी, म्हणजे आई, चंदाबाई हिनं पत्र तीनदा वाचून घेतलं. त्याच आठवड्यात तिनं जाड कांचळी-चोळी शिवायला घेतली; आत कापूस, वर आरसे. बर्फावर पडलीस तर आरसे फुटतील, असं रूपसिंगनं चिडवलं.

"पडंन कशाला?" ती म्हणाली. "माझ्या घागऱ्याचा घेर बघा की. घसरले तर अख्खा डोंगर झाडून निघंल."

पण जानेवारीपासून हळदीचा हंगाम. हिमालयात बाराही महिने बर्फ, असं रूपसिंग धरून चालला होता. कढई थंड झाली की चैत्रात निघू, असं त्यानं कळवलं. उत्तर आलं, तोवर इथं गवत उगवतं, बापू.

दुसऱ्या वर्षी रूपसिंगनं नांदेडहून दिल्लीची दोन तिकिटं काढली. पुढं हरिद्वार, मग जोशीमठची बस, तिथून तारेवरच्या पाळण्यात बसून वर, असं सगळं कागदावर उतरवून घेतलं. निघायला आठ दिवस उरले असताना शेजारच्या हरिचंदची कढईची पाळी लांबली. त्यानं नुसतं विचारलं, "दादा, तुमी गेल्यावर काडी कोन लावंल?" रूपसिंगनं तिकिटं परत केली.  चंदाबाई दर वर्षीसारखी कढईखाली जाळ सारत, धुरात खोकत बसली.

तिसऱ्या वर्षी ओमप्रकाशनं लिहिलं की मार्चमध्ये बदली आहे, औलीतला हा शेवटचा हिवाळा. वर हवा विरळ असते, तेव्हा याडीला डॉक्टरला दाखवूनच आणा. रूपसिंगनं या खेपेला धाकट्या भावाच्या, रामसिंगच्या हातात काडी दिली, दहादा बजावलं आणि गाडीच्या आदल्या दिवशी दोघं नांदेडला पोचली.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. मग चुलीविषयी, धुराविषयी बराच वेळ विचारलं. फुप्फुसं निकामी होत आली होती. औलीचं नाव काढू नका म्हणाले आणि तिला लगेच दवाखान्यात ठेवून घेतलं.

"दोन वर्सांमागं जाता आलं असतं का?" रूपसिंगनं विचारलं.

"तेव्हा बहुतेक आलं असतं," डॉक्टर म्हणाले.

पंधरा दिवसांनी एसटीतून उतरल्यावर तिला धरून चालवावं लागलं. तांड्याच्या तोंडाशी रामसिंगचं खळं. तिथं त्यानं शिजवलेली हळद वाळत पडली होती. दम खायला चंदाबाई खळ्याच्या कडेला बसली. रूपसिंगनं खाली वाकून एक कांडी उचलली, मोडली. दुसरी मोडली. मग खळ्याच्या चारी कोपऱ्यांतल्या मोडून पाहिल्या. आतून सगळ्या एकसारख्या पिवळ्या, कुठं कच्ची नाही, कुठं डाग नाही.

चंदाबाईनं एक तुकडा हातात घेऊन पाहिला.

"बराबर शिजली की," ती म्हणाली, "तुमच्याबिगर."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला सोसला असता.

तेवढ्यात पलीकडून हरिचंदची हाक आली, दादा, आलात व्हय, काडी लावायला या. रूपसिंग उठला नाही. हाक पुन्हा आली. तो तिच्या पाठीवर हात ठेवून, तिचा दम खाली बसायची वाट बघत राहिला.