शेवटचा मणी

माणूस भेटलं की लोक तोंड बघतात, मी गळा बघते. खोड वाईट आहे, पण आता या वयात जायची नाही. अंबडला आमच्या तहसील कार्यालयात बायका दाखल्यासाठी येतात. त्या काय सांगतात ते माझे कान ऐकतात, डोळे मात्र त्यांच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांच्या पोतीवर. कुणाचा दोरा विरत आलाय, कुणाची डोरल्याची वाटी उलटी फिरलीय. एकदा एकीला मी दाखल्याचं बोलायच्या आधीच म्हणाले, "बाई, तुमच्या पोतीची गाठ सुटत आलीय." तिला वाटलं, हाही सरकारचा एखादा नवा नियम असावा. बिचारी बाहेर जाऊन गाठ मारून परत रांगेत उभी राहिली.

सुटीच्या दिवशी मी माळा करते. सोन्याचं काम माझं नाही. लाखेचे, काचेचे, पितळेचे आणि मुख्य म्हणजे मातीचे मणी घेते, परातीत टॉवेल अंथरून त्यावर मांडते, मोडते, परत मांडते. नवरा म्हणतो, घरात डाळीपेक्षा मणी जास्त झालेत. एकदा वरणात एक मणी निघाला, तेव्हापासून तो वाढून घेताना आधी पळी फिरवून बघतो. मी त्याला म्हणते, दगड खाऊन जगलेली माणसं तुम्ही, मण्यानं काय होतंय!

मातीचे मणी आमच्या गावाहून येतात, आष्टीहून. तिथल्या कुंभारवाड्यातली एक बाई ते मला करून देते. तळहातावर गोळी वळायची, खराट्याच्या काडीनं भोक पाडायचं, सावलीत वाळवायचं आणि मडक्यांच्या भट्टीत कडेला भाजायला ठेवायचं. भाजल्यावर भोक आवळतं, ही गोष्ट आम्हा दोघींना एक अख्खी भट्टी वाया घालवून कळली. भट्टीत धूर कोंडला की लाल मण्यांतले काही काळेभोर निघतात. तिला त्यांचं वाईट वाटतं, मला ते फार आवडतात. पण ही हकिगत ज्या माळेची आहे, तिच्यासाठी मी तेच काळे मणी एकेक करून वेचून बाजूला काढले होते.

आष्टीच्या घरी माझी थोरली जाऊ राहते. दीर गेले त्याला तेव्हा दुसरं वर्ष चालू होतं. जाऊबाईंना बोलताना पोतीतला मणी चिमटीत धरून फिरवायची सवय. मोटर चालू करायला गेलेला माणूस परतला नाही, की मणी. पोरीचा निकाल लागायचाय, की मणी. दिवसकार्यात पोत उतरली, पण हाताला ते कुणी सांगितलं नाही. अजूनही बोलता बोलता त्यांचा हात गळ्याशी जायचा, तिथं काही सापडायचं नाही, मग पदर नीट केल्यासारखं करून खाली यायचा. मी गळे बघणारी बाई. मला ते बघवायचं नाही.

पोत उतरवली ती आत्याबाईंच्या देखरेखीखाली. आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. ऐन उमेदीत नवरा गेला, तशा त्या माहेरी परत आल्या आणि दोन्ही भाच्यांना त्यांनीच वाढवलं. घरात काय करायचं, काय नाही करायचं, हे त्या ठरवतात. बाकीचे आम्ही माना हलवतो. मी कार्यालयात साहेबालाही ऐकवते, पण आत्याबाईंपुढं माझा आवाज बसतो. त्या पदर गळ्याभोवती इतका घट्ट लपेटून घेतात की इतक्या वर्षांत मला त्यांचा गळा कधी दिसलेला नव्हता.

मग पुतणीचं लग्न ठरलं. पोरगी पुण्यात नोकरीला. तिचा फोन आला.

"काकू, आई म्हणून राह्यली, हळदीला मी आतच बसते म्हणून. पाहुण्यांचा सैपाक बघते म्हणती. मला न्हाई चालणार. बापू तर न्हाईतच, आईबी आत बसली तर मंग मी कुणाकडं बघू? तू तिला बाहेर आण."

"आत्याबाई..." मी म्हणाले.

"तुझ्या आत्याबाईंना मी बघून घेते. तू आईला आण."

ज्याला जे येतं तेच त्याला सुचतं. मला माळ सुचली. आष्टीला गेल्यावर मी जाऊबाईंना सांगितलं, ताई, लग्नात घालायला तुम्हाला एक माळ करते. त्या भाकरी थापत होत्या. "मला काय करायचीय माळ? लोक थुंकतील तोंडावर," म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली. ती उलटली, फुगली, उतरली. मग माझ्याकडं न बघताच त्या म्हणाल्या, "मातीची करशील का ग? मातीला कोण काय म्हणणार?"

आजवर मी किती माळा केल्या असतील, पण या माळेनं माझा घाम काढला. दोन सर नकोत, पोतीसारखे दिसतील. मधोमध काही लोंबायला नको, डोरलं आठवेल. हिरवा नको, तो चुड्याचा. काळा तर नकोच नको. लाल घ्यावा तर कुंकू, पिवळा घ्यावा तर हळद. आपल्याकडं रंगसुद्धा नवरा असलेल्या बायकांनी आपसात वाटून घेतलेत, हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं, आणि जाणवलं तेव्हा खरोखर संताप आला. शेवटी मातीचा लाल म्हणजे कुंकू नव्हे, अशी मीच माझी समजूत घातली. पहिली मांडणी जत्रेतल्या माळेसारखी भडक झाली. दुसरी इतकी गरीब झाली, की नवरा डोकावून म्हणाला, "ही घालून वहिनीनं भजनाला बसायचं का?" तिसरी जमली. गेरूच्या रंगाचे मातीचे मणी, त्यांच्यामध्ये पितळेचे बारीक दाणे आणि अधूनमधून लाखेचा मधासारखा एखादा मणी. बघताक्षणी डोळ्यांना थंड वाटलं.

माळ गाठवायला मी जालन्याला, सराफ्याच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या पटवेकऱ्यांकडं जाते. बाजेएवढं दुकान. ते पाय पसरून बसतात, रेशमाचा दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणतात आणि त्यावर गाठी मारतात. त्यांचा एक नियम आहे. शेवटची गाठ मारायच्या आधी ते एका मण्याची जागा मोकळी ठेवतात. तो मणी घालणारीनंच निवडायचा आणि तिनंच ओवायचा. एकच. त्याबिगर माळ अंगाला लागत न्हाई, म्हणतात. मी मांडणीचा कितीही तोरा मिरवला, तरी शेवटच्या मण्यापुढं माझं काही चालत नाही. म्हणून मी जाऊबाईंना अंबडला बोलावून बसनं सोबत घेऊन गेले.

पटवेकरी काकांचं गाठवणं संपत आलं. माळ उत्तम दिसत होती. मी जाऊबाईंना काय निवडायचं ते बसमध्येच सांगून ठेवलं होतं, लाखेचा घ्या म्हणून. इतक्यात काकांनी माझ्या पिशवीतली दुसरी डबी उघडली, काळ्या मण्यांची. दुसऱ्या कामाला येतील म्हणून त्यांनाच द्यायला मी ती आणली होती. त्यांनी ती सरळ उरलेल्या मण्यांच्या ताटलीत पालथी केली आणि ताटली जाऊबाईंपुढं सरकवली.

"घ्या बाई. हात जाईल तो."

जाऊबाईंचा हात लाखेच्या मण्यावर आला. तिथून पितळेवर गेला. आणि मग इतक्या वर्षांचा रस्ता बराबर सापडल्यासारखा काळ्यावर गेला. त्यांनी मणी चिमटीत धरला, फिरवला आणि एकदम चटका बसावा तसा टाकून दिला.

"चुकून घेतला," त्या म्हणाल्या. चेहरा उतरला होता.

"दुसरा घ्या, ताई. तो लाखेचा," मी घाईनं म्हणाले. काकांना दुकानातून खाली ढकलून द्यावं असं मला वाटत होतं.

काकांनी मान वर केली. त्यांनी जाऊबाईंच्या कपाळाकडं बघितलं, गळ्याकडं बघितलं. त्यांना कळायचं ते कळलं.

"चुकून कशाचं?" ते म्हणाले. "काळा मणी नजरंचा असतो. पाळण्यातल्या लेकराला बांधत्यात. आमी तर म्हशीच्या गळ्याला बांधतो. तिला कोन इचारतंय का, तुझा रेडा कुठंय म्हणून?"

जाऊबाई हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या. दीर गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. हसता हसताच डोळ्यांना धार लागली, आणि ती पुसायच्या आधी त्यांनी तोच मणी परत उचलून दोऱ्यात ओवला. मीही रडले. उगाच नाही कशाला म्हणू.

हळद अंबडच्याच मंगल कार्यालयात होती. जाऊबाई फिकट मोतिया रंगाची साडी नेसून, गळ्यात ती माळ घालून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या आणि तिथंच थबकल्या. मी पाठीशी उभी होते. समोर पाटावर पुतणी बसलेली, हळदीची वाटी आत्याबाईंच्या हातात; स्वतः लावायच्या नाहीत, पण कोणत्या सवाष्णीनं आधी लावायची ते त्या ठरवणार. आत्याबाईंची नजर म्हणजे सोनाराची तराजू. त्या सरळ उठून आमच्याकडं आल्या आणि माळेतला काळा मणी त्यांनी दोन बोटांत पकडला.

"हा कशाला?"

सनई वाजत होती, तरी बायकांनी माना इकडं वळवल्या. माझा आवाज नेहमीप्रमाणे बसलेला. पुतणी पाटावरून उठायला लागली होती. पण जाऊबाईच बोलल्या, अगदी हळू.

"हात सारखा तिथं जातो, आत्याबाई. त्याला काई तरी लागाय पायजे. दुसरं काई न्हाई."

आत्याबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मणी त्यांनी सोडला, आणि तो सोडलेला हात खाली न जाता त्यांच्या स्वतःच्या गळ्याशी गेला. पदरावरूनच बोटांनी तिथं नसलेलं काही तरी चाचपलं. मग पदर नीट केल्यासारखं करून हात खाली आला. हे बाकी कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. मी पाहिलं.

"उबी काय राह्यली मंग?" आत्याबाई खेकसल्या. "पोरगी कवाची बसलीय पाटावर. हळद वाळून राह्यली." आणि वाटी त्यांनी जाऊबाईंच्या हातात दिली.

पुतणीच्या गालाला पहिली हळद आईची लागली. फोटोत जाऊबाईंचा एक हात लेकीच्या गालावर आहे आणि दुसरा, अर्थातच, मण्यावर.

लग्नाची धामधूम संपली, पाहुणे पांगले. आत्याबाई काही दिवस आमच्याकडंच राहिल्या. एका दुपारी मी परात घेऊन बसले होते, तर त्या समोर येऊन बसल्या आणि तांदूळ निवडावेत तसे माझे मणी निवडायला लागल्या.

"तिची माळ मातीचीच होती ना?" त्यांनी विचारलं.

"मातीचीच."

"फुटती का?"

"पडली तर फुटेल."

"पदराखाली ऱ्हाईल ना? दिसायची न्हाई ना कुनाला?"

"कुणाला करायचीय?" मी विचारलं. माझी अक्कल अशी ऐनवेळी चरायला जाते.

"कुनाला म्हंजे?" त्या भडकल्या. "नुसत्या चौकशा! करती का न्हाई ते जल्दी सांग."

केली. त्यांनी सांगितलं तशी, बारीक मण्यांची, पदराखाली राहील अशी. जाऊबाई मुद्दाम आष्टीहून आल्या आणि आम्ही तिघी जालन्याला गेलो. पटवेकरी काकांनी दोरा अंगठ्याला अडकवला, माळ गाठवत आणली, शेवटच्या मण्याची जागा मोकळी ठेवली आणि ताटली पुढं केली. या वेळी काळे, हिरवे, सगळेच मणी मी स्वतः त्यात मिसळून ठेवले होते.

माप बघायला म्हणून आत्याबाईंनी पदर सैल केला. त्यांचा गळा मी पहिल्यांदा बघितला. चेहरा उन्हानं रापलेला, सुरकुतलेला, पण गळा मात्र कोवळा, कधी ऊन न लागलेला. काकांनी नियम सांगितला. आमच्या घरातले सगळे निर्णय ज्यांनी घेतले, त्या आत्याबाई ताटलीवर वाकून बसल्या. बोट एका मण्यावरून दुसऱ्यावर जात होतं आणि कुठंच थांबत नव्हतं.

"कोनता घेऊ?" त्यांनी जाऊबाईंना विचारलं.

"हात जाईल तो, आत्याबाई."

बोट ताटलीभर आणखी एकदा फिरलं. मग त्यांनी एक काळा मणी उचलून तळहातावर घेतला. त्याच्याशेजारी एक हिरवा काचेचा ठेवला. मूठ मिटली, उघडली, आणि माझ्याकडं बघितलं. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून आत्याबाईंनी मला कधी कशाची परवानगी मागितली नव्हती.

"दोन घेतले तर चालंल का ग?"

मी काकांकडं बघितलं. त्यांनी अंगठ्याचा दोरा आणखी एका मण्यापुरता ढिला केला.