क्रेनचा झोका शिकायला उरणला

पनवेलच्या स्टँडवर शनिवारी सकाळी उरणची एसटी पकडली, तेव्हा माझ्या पाठपिशवीत लॅपटॉप आणि पोहायचे कपडे होते. जमलं तर तिथून पुढे काशीदच्या समुद्रात डुंबायचं, असा बेत होता. पण निघालो होतो ते चार ओळींच्या एका ई-मेलमुळे.

‘सर, तुमच्या गेमवर सराव करून माझी जाऊ क्रेनच्या परीक्षेत दोनदा नापास झाली. सोमवारी तिसरी वेळ आहे. तुम्ही कधी क्रेन पाहिली आहे का? – संगीता, क्रेन ऑपरेटर.’

खरं सांगायचं तर पाहिली नव्हती. पुण्यातल्या माझ्या खोलीत बसून मी जहाजावरचे कंटेनर उतरवायचा एक गेम लिहिला होता. तो फुकट आहे, आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे; कुणीही पाहावा, बदलावा. वेगवेगळ्या गावांतली आम्ही सात-आठ हौशी माणसं त्यावर काम करतो. कंटेनरचा निळा रंग नेमका किती गडद असावा, यावर आम्ही एकदा तीन आठवडे भांडलो होतो. क्रेन मात्र आमच्यातल्या एकानेही जवळून पाहिलेली नव्हती.

एसटी पनवेलच्या बाहेर पडली आणि दोन्ही बाजूंना ट्रेलरच ट्रेलर दिसू लागले. मग एकाएकी मोकळं झालं. मिठागरांचे चौकोन, त्यात उभे बगळे, आणि पार क्षितिजावर न्हावा शेवा बंदराच्या क्रेन. त्या बघून मी इतका हरखलो, की चुकीच्या फाट्यावर उतरलो. चहाच्या टपरीवर एक ट्रेलरचालक बशीतून चहा पीत होते. त्यांना गाव विचारलं.

“दादूस (दादा), ते तर मागं रायलं,” ते हसले. “पोर्ट बघायला आलाय? आत कोन सोडनार न्हाय.”

“नाही, क्रेन चालवणाऱ्या संगीताताईंकडे जायचंय.”

“मग आदी सांगायचं ना! बस गाडीत.”

ट्रेलरच्या उंच केबिनमधून मी गावाच्या वेशीपर्यंत गेलो. माझा गेम ट्रेलरवर कितीदा कंटेनर आपटतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

संगीताताईंचं घर मिठागराच्या कडेला. सासऱ्यांनी जन्मभर मीठ काढलं, नवरा ट्रेलरवर, आणि त्या स्वतः बंदरात क्रेनच्या केबिनमध्ये. वय चाळिशीचं, आवाज खणखणीत. त्यांच्यामागून रेश्मा आली, धाकट्या दिराची बायको. तिने माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. पाण्याचा तांब्या ठेवून ती आत गेली.

“दाखवा गेम,” ताई म्हणाल्या. मी लॅपटॉप उघडला. त्यांनी एक कंटेनर उचलला, सरकवला, थांबवला. तो क्रेनच्या सरकत्या ट्रॉलीखाली खिळल्यासारखा थांबला.

“झोका कुठंय?”

माझा चेहरा उतरला. थांबल्यावर कंटेनर झुलतो, तो झोका आधी होता. पण पहिल्याच आठवड्यात लोकांनी गेम फार कठीण आहे म्हणून तक्रारी केल्या, आणि मी तो काढून टाकला होता. तसं सांगितलं, तेव्हा दारात कुणीतरी उभं राहिल्याचं जाणवलं. रेश्मा होती.

“म्हंजे झोका व्हता? तुमीच काढलात?”

“हो. चूक माझी आहे.”

ती दारातून आत आली. “दोनदा नापास झाले तवा मना (मला) वाटलं, माजेच हात वाईट हायत.”

ताईंनी वेळ घालवला नाही. पाण्याने अर्धी भरलेली बादली दोरीने लांब बांबूच्या टोकाला टांगली, बांबू माझ्या हातात दिला आणि अंगणात खडूने एक गोल काढला. “चालत जा, आनि बादली गोलावर थांबवा.”

मी चाललो, गोलापाशी खटकन थांबलो. बादली थांबली नाही. ती पुढे गेली, वळून आली आणि निम्मं पाणी माझ्या पँटवर सांडलं. रेश्मा पहिल्यांदाच हसली, तोंडावर पदर धरून.

“लोड पुढं गेला की त्याच्या मागं थोडं जायचं,” ताई म्हणाल्या. “त्याला गाठायचं. मग दोगं एकदम थांबतात. आनि दोरी लांब सोडली की झोका सावकाश येतो, ध्यानात ठेवा.”

हे दुसरं तर माझ्या जुन्या कोडमध्येही नव्हतं. ओली पँट बदलायला पिशवीत पोहायची चड्डीच होती. ती घालून ओटीवर बसलो आणि कोड लिहायला घेतला. मधे तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि खाडीतल्या कोळंबीचं कालवण आलं. तिसरी भाकरी नको म्हणालो, तर ताईंच्या सासूबाईंना ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही.

चार वाजता नवा झोका तयार झाला. रेश्माने पहिलाच कंटेनर ट्रेलरच्या टपावर घातला. दुसरा पाण्यात. ताई मागे उभ्या राहून एवढंच म्हणत होत्या, “गाठ त्याला, गाठ.” दिवेलागणीला तिने सलग सहा कंटेनर अलगद ठेवले. सातव्याला मी श्वास रोखून पाहत होतो. तोही बसला.

रात्री तिथेच मुक्काम केला. रविवारी दुपारपर्यंत ती सराव करत राहिली आणि मी तिला दिसलेल्या चुका दुरुस्त करत राहिलो. काशीद राहूनच गेलं. निघताना सासूबाईंनी सुक्या जवळ्याची पुडी दिली. त्या पुडीच्या वासामुळे पुण्याच्या बसमध्ये शेजारच्या गृहस्थांनी जागा बदलली. खिडकीशी ऐसपैस बसून मी विचार करत होतो. ज्यांनी तक्रारी केल्या होत्या त्यांचं ऐकून मी गेम सोपा केला. पण जिला त्याचा खरा उपयोग करायचा होता, ती नापास होऊनही कधी तक्रार करायला आली नाही. ती स्वतःच्या हातांना दोष देत राहिली. अशी आणखी किती माणसं असतील?

सोमवारी दुपारी ऑफिसात फोन वाजला. पलीकडे इतका गलका होता, की ताईंचा खणखणीत आवाजही पुरा पडेना. “पास! या खेपेला पास!”

मी खुर्चीतून उठलो ते ओरडतच. ऑफिसातली माणसं वळून बघायला लागली. मग फोन रेश्माने घेतला.

“दादा, एक सांगायचं व्हतं. खऱ्या मशीनवर वारा लागतो. तुमच्या गेमात वारा न्हाय.”

“किती लागतो?” मी विचारलं आणि लॅपटॉप पुढे ओढला.