कोरड्या दगडावरची अंडी

असले अनुभव लिहिणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ खिल्ली उडवली आहे. आमच्या बौद्ध घरात भूतखेत, शकुन-अपशकुन यांना थारा नव्हता, आणि बाबा तर नागपूरला शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय...

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी अमेरिकेत बॉथेलला सॉफ्टवेअरमध्ये होतो, बाबा सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आले होते. मला ट्राउट मासे पकडायचं वेड. नदी डोंगरांपलीकडे, दोन तासांच्या ड्राइव्हवर.

ट्राउटवाल्यांचं सगळं गणित मेफ्लाय या नाजूक किड्यावर. हे किडे पाण्यातून हजारोंनी एकदम बाहेर पडतात — तो हॅच. एरवी गळाकडे ढुंकूनही न बघणारे मासे तेव्हा वेडे होतात. मग संध्याकाळी माद्या अंडी घालायला पुन्हा पाण्यावर उतरतात, की परत तोच धुमाकूळ. अशा एका संध्याकाळसाठी मी तीन आठवडे थांबलो होतो.

आभाळ स्वच्छ होतं. बाबांचा गुडघा दुखायचा, म्हणून त्यांना काठावर एका मोठ्या दगडाशेजारी फोल्डिंग खुर्चीत बसवलं आणि मी पाण्यात उतरलो. सातच्या सुमारास माद्या आल्या, मासे उसळू लागले... आणि बाबांनी हाक मारली.

"अरे, हे पाण्यावर अंडी घालतात म्हणालास ना? मग इथं दगडावर काय करून राहिले?"

"पाच मिनिटं, बाबा." मी वळलोही नाही.

थोड्या वेळाने पुन्हा हाक. मी वैतागून तेच उत्तर दिलं. तिसऱ्या हाकेला लक्षात आलं, की पाण्यावर एकही किडा उरलेला नाही. मासेही गप्प.

वळून पाहिलं. सगळे किडे त्या कोरड्या, खरखरीत दगडावर अंडी चिकटवत होते. तेही एका आडव्या रेषेपर्यंतच — वर एकही नाही. रेषा बरोबर खुर्चीतल्या बाबांच्या गळ्याशी.

मी घाबरलो. कशाला, ते सांगता येत नव्हतं. रॉड तिथेच टाकला आणि बाबांना धरून चढ चढायला लागलो. दर चार पावलांना ते थांबायचे, "एवढी घाई कशाची?" विचारायचे, आणि मी त्यांना पुढे ओढायचो. गाडीपाशी पोचलो तेव्हा खालून आवाज आला. तांबडं पाणी, त्यात ओंडके. खुर्ची क्षणात दिसेनाशी झाली.

सकाळी पाणी ओसरल्यावर परत गेलो. दगडावर चिखलाची खूण त्याच रेषेवर होती. फोटो आहे माझ्याकडे.

वर डोंगरात जोराचा पाऊस झाला होता म्हणे. पाण्याचं कोडं सुटलं. पण किड्यांचं? एका जाणकाराने सांगितलं, की चकाकणारा पृष्ठभाग पाणी समजून मेफ्लाय फसतात. तो दगड चकाकत नव्हता हो... आणि ती रेषा?

बाबा शेवटपर्यंत "योगायोग" म्हणत राहिले. तरी दर उन्हाळ्यात फोनवर बजावायचे, "मासे नंतर बघ. आधी किडे कुठं बसले ते बघ."

स्पष्टीकरण आजही नाही. मी अजून नदीवर जातो. पण काठावर आपलं माणूस बसलेलं असलं, की "पाच मिनिटं" एवढं मात्र तोंडातून निघत नाही.