जेसीबी घ्यावा की भाड्यानं आणावा?

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. आमच्या सर्जेरावाच्या माळावरच्या दगडांसारखंच आहे ते. एक उचलावा तर खाली दोन निघतात! शिवाजी पेठेत तालमीशेजारी आमचा चहाचा कट्टा. मी, दिनकर आणि सर्जेराव, तिघंही आता नोकरीतून मोकळे, त्यामुळे सल्ला द्यायला भरपूर वेळ. आणि सध्या सल्ल्याला विषय एकच, सर्जाचा पन्हाळ्यापलीकडचा माळ.

त्या माळावर सर्जाच्या बायकोला, म्हणजे सुनंदावहिनींना, काजू लावायचा होता. लग्न होऊन आल्यापासून माहेरच्यांनी 'दगडाची मालकीण' म्हणून त्यांची चेष्टा केलेली. ती त्यांच्या मनात सलत होती. त्यांनी रोपं आणून अंगणात मांडलीसुद्धा.

"पावसाच्या आत खड्डं पायजेत," त्यांनी सर्जाला बजावलं. "मुळं पिशव्या फाडून भाईर याय लागल्यात!"

*

दिनकर म्हणाला, आधी जमीन तपासूया. माळावर जाऊन त्यानं सगळा जोर लावून पहार मारली. पहार आत गेलीच नाही. उसळून आली ती दिनकरला घेऊन मागं!

"कशी हाय जमीन?" सर्जानं विचारलं.

"जमीन झकास हाय. पहार बोगस हाय!"

जेसीबीशिवाय गत्यंतर नाही, हे नक्की झालं. आता तो विकत घ्यायचा की भाड्यानं आणायचा, यावर कट्ट्यावर रोज भांडणं.

*

वहिनी म्हणाल्या, भाड्यानंच आणा. आणला. बघायला अख्खी वाडी जमली. ऑपरेटरनं पहिला दगड उपटला तशा टाळ्या पडल्या! सर्जाचा ऊर भरून आला.

"बंद कर, बंद कर! आधी जेवून घ्या, पावणं!"

आता आमच्याकडचं जेवण म्हणजे तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि वर सुकं मटण. 'नको' म्हटलं की वाटी भरते. ऑपरेटर बिचारा लाजरा, त्याला ताटावरून उठताच येईना. उठला तो बाभळीखाली आडवा झाला आणि उन्हं कलल्यावरच जागा झाला. दगड निघाला तेवढा एकच. भाडं मात्र मशीन आल्यापासून जाईपर्यंतचं!

"भाड्यानं परवडत न्हाय," सर्जानं निकाल दिला.

"मशीन परवडतंय की," वहिनी म्हणाल्या. "तुमचा पाहुणचार परवडत न्हाय!"

*

पण सर्जाच्या डोक्यात मालकी शिरली ती शिरलीच. "सवताचं मशीन आसलं की मी केबिनात बसनार. मालक कधी दगडं येचतो व्हय?"

जयसिंगपुरात एक जुना जेसीबी विकायला होता. आम्ही तिघं गेलो. जेसीबी आमच्यापैकी कुणीच कधी घेतला नव्हता. सर्जाच्या वडिलांनी बैल मात्र पुष्कळ घेतलेले. तेव्हा सर्जानं त्याच रीतीनं सुरुवात केली. मशीनभोवती फेरी मारली, टायरवर थाप मारली आणि बकेटपुढं वाकून म्हणाला, "दात बघू!"

"नवीन बसवल्यात, पावणं," विकणारा अभिमानानं म्हणाला.

दिनकर सर्जाच्या कानाला लागला. "कवळी हाय. म्हातारं दिसतंय!"

तरी घेतला. चालवायला सिद्राम नावाचा ऑपरेटर ठेवला. वहिनींनी गाल फुगवूनच मशीनला ओवाळलं.

*

नेमकी त्याच संध्याकाळी आमच्या तालमीच्या फुटबॉल संघानं मॅच मारली. आमच्याकडं हल्ली जेसीबीच्या बकेटमधून गुलाल पडल्याशिवाय जिंकल्यासारखं वाटत नाही. पोरं धावत आली. "सर्जादादा, मशीन हाय न्हवं?"

सर्जा पाघळला. बकेट वर गेलं, गुलाल खाली आला, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू! ग्रामपंचायतीचा विजय, कुणाचा वाढदिवस, एकाच्या घरी तर नातवाचं जावळ! पिवळं मशीन गुलाबी झालं. सर्जा रोज नवा फेटा बांधून मशीनपुढं चालायचा आणि रोज वहिनींना म्हणायचा, "उद्या माळावर!"

इकडं आभाळ भरून यायला लागलं. काजूची मुळं पिशव्या फाडून फरशीवर आली. वहिनींनी बोलणंच टाकलं. ओरडणाऱ्या वहिनी चालतात हो, गप्प बसलेल्या नाही. मला तर त्या रोपांकडं बघवेना.

*

परवा सकाळीच एका एजंटाचा सिद्रामला फोन. पन्हाळ्याकडं खड्डे काढायचे आहेत, भाड्यानं मशीन पाहिजे, अर्जंट. सर्जा हरखला.

"गुलाल सोडून पयलंच खरं काम! हे उरकू आन् तसंच आपल्या माळावर जाऊ. मग बघू कशी बोलत न्हाय ती!"

कडक इस्त्रीचा शर्ट घालून तो केबिनात सिद्रामला चिकटून बसला. मी आणि दिनकर मोटारसायकलवर मागं. फाट्यावर एक बाई उभ्या असतील, त्या रस्ता दाखवतील, असं एजंटानं सांगितलं होतं.

फाट्यावर टेम्पो उभा होता. टेम्पोत काजूची रोपं. टेम्पोपुढं सुनंदावहिनी!

सिद्रामनं ब्रेक मारला. वहिनींनी मशीनकडं पाहिलं, बकेटच्या कडेला राहिलेल्या गुलालाकडं पाहिलं, मग केबिनातल्या नवऱ्याकडं.

"काय रं सिद्राम, भाडं ऑपरेटरसकट ठरलंय न्हवं?"

"व्हय, वहिनी."

"मग ह्यो जादा माणूस कोण?"

सर्जा कॉलर सावरत म्हणाला, "अगं, मी मालक न्हवं का मशीनचा!"

वहिनींनी टेम्पोतली पाटी काढली आणि वर त्याच्या हातात दिली.

"मशीन आज म्या भाड्यानं आणलंय. उतरा खाली, दगडं येचायला लागा!"